डबीत कोंडलेला 'पण'

एका राज्यात राजा नव्हता, राणी होती. कुंदप्रभा तिचं नाव. बापाला मुलगा नव्हता, म्हणून सिंहासन लेकीला मिळालं आणि लेकीला मिळाला घरजावई.

तोही सहज मिळाला नाही. स्वयंवरात तिने पण लावला होता, की माझ्याजवळ नाही अशी एक वस्तू जो आणील, त्याच्या गळ्यात माळ. कोणी पांढरा हत्ती आणला, कोणी बोलतं झाड, कोणी समुद्राच्या तळचा मोती. सगळं तिच्या कोठारात आधीच होतं. शेवटी मणिकंठ नावाचा एका लहानशा गढीवरचा तरुण रिकाम्या हाताने पुढे झाला नि म्हणाला, "राजकन्ये, तुझ्याजवळ सगळं आहे, पण 'पण' म्हणणारं माणूस नाही."

राजकन्या हसली आणि तिने माळ घातली.

आता लग्नाआधी जे गोड लागतं, ते लग्नानंतर रोज पानात पडलं की कसं लागतं, हे घरोघरी ठाऊक आहे. राणी म्हणे, "आज आमटी फक्कड झाली." मणिकंठ म्हणे, "फक्कड, पण चिंच अंमळ जास्त." राणी म्हणे, "हा जांभळा शालू मला खुलतो." तो म्हणे, "खुलतो, पण हिरवा अधिक." दासी पाणवठ्यावर एकमेकींना सांगत, "घरजावयाने इतकं बोलावं का गं?" राजवाड्याच्या भिंतींना कान असतात असं म्हणतात. भिंतींना कुठले? कान दासींना असतात, म्हणून तर हे सगळं आपल्याला कळतं.

चंद्रवेणा नदी राजवाड्यापासून लांब होती. राणीने ठरवलं, कालवा खणून नदी थेट दारात आणायची. प्रधान म्हणाला, "उत्तम." सेनापती म्हणाला, "अत्युत्तम." मणिकंठ म्हणाला, "तुझं म्हणणं खरं, पण..."

"पुरे," राणी म्हणाली. "भर दरबारात तरी पुरे."

त्याच दरबारात कर्कटक नावाचा मायावी आला होता. त्याने पुढे होऊन एक सोन्याची डबी राणीच्या हातावर ठेवली. "महाराणी, जे नकोसं झालं असेल ते हिच्यात बोलून टाकावं. झाकण लागलं की ते राज्यातून गेलं."

"मोल?"

"काही नाही."

फुकट मिळालेली वस्तू दोन हात लांबून बघावी, हे राणीला कोणी शिकवलं नव्हतं. तिने डबी ओठांशी नेली आणि एकच शब्द आत टाकला: "पण."

डबीच्या तिन्ही कड्या आपोआप बसल्या.

राणीला घालवायचा होता तो नवऱ्याच्या तोंडातला 'पण'. डबीला एवढं बारीक कुठलं कळायला? तिने राज्यातला सगळाच पण ओढून घेतला. स्वयंवराचा पणही त्यातच गेला. पण नाही म्हटल्यावर माळ कशाची, नि लग्न तरी कशाचं? राणीच्या शेजारी बसलेल्या मणिकंठाने तिच्याकडे वाटसरूसारखं पाहिलं. "बाई, हे घर कोणाचं?" त्याने विचारलं, नमस्कार केला आणि तो महाद्वारातून बाहेर पडला. पहारेकऱ्यांनी त्याला अडवलं नाही, ओळखलंही नाही. राणीला वाटलं, रुसला असेल, संध्याकाळी येईल.

संध्याकाळ आली. तो आला नाही.

राज्यात मग नवल वर्तलं. ज्याला 'पण' म्हणायचं असे, त्याला त्या जागी उचकी लागे. "महाराणी, कालवा छान होईल, हिक्." "जावई चांगला आहे हो, हिक्." म्हाताऱ्या म्हणू लागल्या, कोणीतरी आठवण काढतंय. सारं राज्य जिभेखाली साखर धरून बसलं, तरी उचक्या थांबेनात. एवढ्यावर भागलं असतं तर बरं. बालपण डबीत गेलं, तेव्हा पोरं विटीदांडू टाकून ओट्यावर हात बांधून बसली. म्हातारपण गेलं. म्हातारे आधी खूश झाले, मग त्यांच्या पाया कोणी पडेना. मोठेपण गेलं, आपलेपण गेलं. राज्यात शहाणे पुष्कळ उरले, शहाणपण तेवढं गेलं.

राणी रोज सकाळी कुंकू लावी आणि ते ओल्या भिंतीवरच्या रंगासारखं गळून पडे. मणिकंठ कोण, हे आता राजवाड्यात कोणालाच आठवत नव्हतं. डबी राणीच्या हातातली, म्हणून तिची आठवण सगळ्यांच्या शेवटी जायची होती. तीही जाऊ लागली. रोज उजाडताना एकेक. आधी त्याची पावलं कशी वाजायची ते गेलं. मग त्याच्या अंगरख्याचा वास. आमटी आता तिला कोणी नावं न ठेवता मिळे, आणि घास घशाखाली उतरत नसे. एकटी असताना ती स्वतःशी म्हणायला जाई, "मी बरोबर होते..." आणि पुढे उचकी येई.

राजवाड्यात चतुरा नावाची एक साळुंकी होती. पाखरांची बोली डबीत गेली नव्हती, म्हणून तिला सगळं आठवत होतं. ती एक दिवस राणीच्या मंचकावर येऊन बसली.

"रडून झालं का?"

"नाही."

"मग रडता रडता ऐक. तो अजून कुठेतरी चालतो आहे. तुझ्या मनातून त्याचं नाव गेलं की तो कायमचा परका होईल, नि तुला त्याचं काही वाटणारही नाही. गाढ झोप लागेल."

"अशी झोप मला नको. उपाय सांग."

"डबीला तीन कड्या आहेत. एकेक कडी अशा माणसापुढे उघडते, ज्याच्याशी तुझं पटत नाही. त्याच्याकडे जायचं आणि त्याचं पुरतं ऐकायचं. त्याला पटवायचं नाही. आपल्याला पटल्याचं नाटक करायचं नाही. आणि मधे तोंड घालायचं नाही."

"हे शेवटचं जमायचं नाही," राणी म्हणाली.

"म्हणून तर ते सांगितलं," साळुंकी म्हणाली आणि तिच्या खांद्यावर बसली.

राणी डबी घेऊन निघाली. राज्याची वेस ओलांडली तशी तिची उचकी थांबली. वेशीपलीकडे वज्रबाहू राजाचं राज्य होतं. दोन्ही राज्यांच्या मधे एक उघडी टेकडी होती, आणि तिच्यावरून तीन पिढ्या लढाया चालल्या होत्या. वज्रबाहू तिथेच छावणी टाकून बसला होता.

"टेकडी मागायला आलात, राणीसाहेब?"

"टेकडी आमचीच आहे, राजे. आपलीच वस्तू मागायची कशाला?"

"छान. बसा, भांडू."

"आज भांडायचं नाही. आज तुमचं ऐकायचं आहे."

वज्रबाहूने चमकून तिच्याकडे पाहिलं. शत्रूने ऐकून घ्यायचं म्हटलं की माणूस जरा भांबावतोच. मग तो बोलू लागला. आजोबांनी टेकडी कशी जिंकली, कोणत्या दगडावर त्यांचं रक्त सांडलं, शिलालेख कुठे होता नि तो कोणी फोडला. निम्मं तरी खोटं होतं. राणीने पदराचं टोक दातांत धरलं.

"देव खाली आला तरी ही टेकडी माझीच," वज्रबाहू म्हणाला. "पण..."

कितीतरी दिवसांनी तो शब्द ऐकून राणीच्या अंगावर काटा आला.

"पण दुष्काळात तुमच्या गुराख्यांनी याच टेकडीवर आमच्या माणसांना ताक पाजून जगवलं. आणि पाऊस पडल्यावर माझ्या वडिलांनी त्याच गुराख्यांवर स्वारी केली. हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. टेकडी माझी, तशी चूकही माझी."

डबीची पहिली कडी उघडली. साळुंकी कानात म्हणाली, "हे मोठेपण."

राणी उठली. आजवर तिने ऐकलेला 'पण' दुसऱ्याकडे रोखलेला असे. स्वतःवर रोखलेला 'पण' ती पहिल्यांदा बघत होती.

"राजे, टेकडी अजून आमचीच आहे."

"असू दे. माझीही आहे."

दोघांनी एकमेकांना मुजरा केला. त्या पहाटे राणी मणिकंठाचे डोळे कोणत्या रंगाचे होते ते विसरली होती. उरलं होतं त्याचं हसू, त्याचा आवाज आणि नाव.

दुसरं माणूस कोण, ते साळुंकीने सांगायची गरज नव्हती. डोंगराच्या कुशीतल्या लहानशा गढीवर मणिकंठाची आई राहायची, सुगंधाबाई. सून राणी असली म्हणून काय झालं, सासू ती सासू. मुलाने बायकोच्या घरी नांदायला जावं हे तिला लग्नाच्या दिवशी पटलं नव्हतं आणि नंतरही नाही. राणी गढीच्या दारात आली तेव्हा ती सुपात तांदूळ घोळत होती. तिने मान वर केली नाही.

"या, महाराणी. पालखी मोडली वाटतं?"

"चालत आले, सासूबाई."

"लग्नानंतर पहिल्यांदा आलात. आलात त्याही मुलगा हरवून."

राणीच्या जिभेवर उत्तर आलं. साळुंकीने तिच्या खांद्यावर नखं रोवली.

"आला होता तो इथे," सुगंधाबाई म्हणाली. "दारात उभा राहिला. पाणी मागितलं. प्यायला, आणि मला म्हणाला, 'बाई, देव तुमचं भलं करो.' मला, बाई! ज्याला नऊ महिने पोटात वाहिलं, त्याने बाई म्हणावं. त्याचं बालपणच कुठे हरवलंय, तर त्याला आई कुठून आठवणार? मी त्याला धरून ठेवायला गेले, तर म्हणाला, 'मला नदीकडे जायचं आहे.' कोणती नदी ते त्याला सांगता येईना."

सूप तिच्या हातात थांबलं.

"मी म्हटलं होतं, राजाच्या घरी देऊ नका. तिथे ऐकून घेणारं कोणी नसतं. हा पोरगा लहानपणापासून असा. ज्याच्याशी पटलं नाही, त्याला 'बरं' म्हणायचा नि उठून जायचा. आत्याला 'बरं', मामाला 'बरं', गुरुजींना 'बरं'. 'पण' तो फक्त मला म्हणायचा. मग लग्न झालं, आणि पहिल्याच सणाला आला तेव्हा सांगत होता, आई, मी तिला दिवसातून शंभरदा 'पण' म्हणतो. इतकं हसत सांगत होता. मला तेव्हा राग आला होता. माझं होतं ते गेलं म्हणून."

जे ऐकून राणीचे कान किटले होते, ते दुसऱ्या कोणाला मिळावं म्हणून एक बाई झुरत होती.

"चूक तुमचीच आहे," सुगंधाबाई म्हणाली. "हे मी मरेपर्यंत म्हणणार. उठा आता, हातपाय धुवा. पान घेते."

"तुम्ही मला जेवायला वाढणार?"

"भांडण भांडणाच्या जागी, जेवण जेवणाच्या जागी. आमच्या दारातून माणूस उपाशी जात नाही."

तिने ऊन ऊन भात वाढला, वर तूप घातलं. राणीने पहिला घास घेतला तेव्हा दुसरी कडी उघडली. हे आपलेपण आहे, हे कोणी कानात सांगावं लागलं नाही.

पुढच्या पहाटे त्याचं हसू गेलं. त्याच्या पुढच्या पहाटे आवाज. आता नाव तेवढं उरलं. राणी ते जपमाळेसारखं घोकत चालली, मणिकंठ, मणिकंठ, आणि काळ्या कड्यातल्या गुहेपाशी पोचली. तिथे कर्कटक राहायचा.

गुहेच्या भिंतींत कोनाडेच कोनाडे, आणि प्रत्येकात एकेक सोन्याची डबी. राणीने तलवार उपसली.

"तू मला फसवलंस."

"मी डबी दिली," कर्कटक म्हणाला. "तुझ्या तोंडात शब्द घातला नाही."

"तू दुष्ट आहेस."

"आहे. पण दुष्ट माणूस बोलेल ते सगळं खोटंच, असं धरून चालतेस, ही तुझी दुसरी चूक."

याचं ऐकायचं? ज्याने घर मोडलं त्याचं? वज्रबाहू निदान राजा होता, सासू निदान सासू होती. मग तिने तलवार म्यान केली आणि खाली दगडावर बसली.

"बोल."

कर्कटक तिच्याकडे बघतच राहिला. "माझ्याकडे येतात ते पाया पडतात नाहीतर गळा धरतात. बसत कोणी नाही." त्याने कोनाड्यांकडे बोट केलं. "यात एका सेनापतीची भीती आहे. ती काढून टाकली आणि तो पहिल्याच लढाईत मेला. यात एका राजाचं दुःख आहे. आता त्याला गाणं कळत नाही. लोक टाकतात ते मी खातो, त्यावर जगतो. तुमच्यासारखी माणसं आहेत तोवर मला मरण नाही. तुम्हाला वाटतं, जे टोचतं ते नको. जे टोचतं त्यानेच वस्त्र शिवलेलं असतं, हे तुमच्या ध्यानात येत नाही."

राणीला त्यातलं पुष्कळ पटलं नाही. लोकांच्या चुकांवर जगणाऱ्याने लोकांना चुका दाखवाव्यात, हे तर मुळीच नाही. ती उठली मात्र नाही.

"तू अजून बसलीस," कर्कटक म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला. "मग हेही घे. बोलून टाकलेली वस्तू बोलून निघत नाही, ऐकून निघते. दरबारात जा, डबी कानाला लाव. जे जे 'पण' तुझ्यासमोर गिळले गेले ते ते ऐक. मधे एक अक्षर जरी बोललीस, तर झाकण बसेल ते बसेल."

तिसरी कडी उघडली. कर्कटकाने तोंडावर हात ठेवला, जणू नको ते बोलून गेला.

"हे शहाणपण," राणी म्हणाली. "तुझ्याकडून घेते आहे. तुला क्षमा मात्र नाही."

"मागितली कोणी?" कर्कटक म्हणाला.

राणी राज्यात परतली तो उजाडत होतं, आणि नावाचीही अक्षरं गळायला लागली होती. सिंहासनावर न बसता ती पायरीवर बसली. भरल्या दरबारात तिने डबी कानाला लावली. झाकण किंचित हललं आणि डबी बोलू लागली.

आचाऱ्याचा आवाज आला, "चिंच तुम्हीच वाढवायला सांगता, पण बोलणी मी खातो." साफ खोटं होतं. राणी गप्प बसली. माहुताचा आला, "हत्ती सजवला खरा, पण त्याच्या पायात काटा आहे." सेनापतीचा आला, "जय झाला, पण किती घरांत चूल पेटली नाही ते कोणी विचारलं नाही." खालच्या गावांतल्या बाया एका सुरात म्हणाल्या, "कालवा होईल हो, पण आमच्या विहिरी आटतील." काही पटलं, काही पटलं नाही, काही काळजात रुतलं. झाकण बोटभर उघडलं. नावातलं 'कंठ' गेलं, 'मणि' उरलं.

मग एक बाईचा आवाज आला. "मी बरोबर होते, पण तो गेला." राणीने तो आवाज ओळखला. तो तिचाच होता.

'णि' गेलं. जिभेवर 'म' उरला, आणि तो कशातला, हे तिला कळेना. तेवढ्यात डबीतून एक पुरुषाचा आवाज आला. कोण तो, तिला आठवेना. नुसताच ऊर भरून आला.

"तुझं म्हणणं खरं," तो आवाज म्हणाला, "पण रोज संध्याकाळी आपण नदीपर्यंत चालत जातो. तेवढाच वेळ तू राणी नसतेस. नदी दारात आली, तर आपण चालत कुठे जायचं?"



झाकण अजून पुरतं उघडलं नव्हतं. राणीच्या ओठांवर उत्तर आलं होतं. मलाही, एवढंच. मलाही तेवढाच वेळ हवा असतो. आजवर तिने उत्तरं गिळली ती रागाची होती, ती सोपी होती. हे गिळवेना. तिने पदराचा बोळा तोंडात धरला. डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं आणि ती ऐकत राहिली, बोलणं संपल्यावरही, आता ऐकायला नुसता श्वास होता तरी.

झाकण उघडलं. सगळे पण पाखरांच्या थव्यासारखे बाहेर पडले, आणि राणीच्या जिभेवर सबंध नाव परत आलं. ओट्यावरची पोरं विटीदांडू घेऊन पळाली. म्हाताऱ्यांचे गुडघे दुखायला लागले आणि सुना त्यांच्या पाया पडल्या. शहाणपणही परत आलं. थोडंच आलं, मुळात होतंच थोडं. दरबारात जो तो 'पण, पण' करून बोलू लागला, आणि त्या गलक्यात राणी उठून कधी बाहेर पडली ते कोणाला कळलं नाही.

ती चालत नदीवर गेली. उन्हं कलली होती. पलीकडच्या काठाने एक माणूस उताराच्या वाटेने पाण्यात उतरत होता. अंगरखा मळलेला, दाढी वाढलेली. तो अलीकडे आला आणि तिच्यापुढे उभा राहिला.

"आठवलं?" राणीने विचारलं.

"मघाशी, वाटेत. आणि आठवताक्षणी राग आला."

"मग?"

"राग आहेच. आणि भूकही लागली आहे."

"अजून काही?"

मणिकंठाने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. इतका वेळ तिने कधी थांबून विचारलं नव्हतं. "आईकडे जाऊन येईन म्हणतो. तिला मी बाई म्हणालो."

"दोघं जाऊ. मलाही तिथे अजून बोलणी खायची बाकी आहेत." मग ती म्हणाली, "कालवा मात्र होणार. खालच्या गावांसाठी. राजवाड्याला वळसा घालून."

"वळसा घातला तर खर्च दुप्पट. मला पटत नाही."

"माहीत आहे," राणी म्हणाली आणि हसली. दोघं परत निघाली, लांबच्या वाटेने.

पुढे वज्रबाहूशी तह झाला. टेकडी कोणाची हे त्यात लिहिलं नाही, दोन्हीकडच्या गुरांनी तिथे चरावं एवढंच लिहिलं. कर्कटकाला राज्याच्या वेशीत पाऊल टाकायला बंदी झाली, आणि त्याच दिवशी राणीने त्याला शहाणपणाबद्दल मानाचा विडाही पाठवला. प्रधानाला हे दोन्ही एकदम पटलं नाही, आणि त्याने तसं सांगितलं. राणीने त्याचं पुरतं ऐकून घेतलं, मग विडा पाठवलाच.

ज्याला ही कहाणी पटली त्याने ती पुढे सांगावी. ज्याला पटली नाही, त्याने आधी सांगावी.